पाठवला, असं मी म्हणालो होतो

सोपाना, चार दिवसांपूर्वी घोडनदीच्या घाटावर तुझा दशक्रिया विधी झाला आणि माझ्या हातात माईक दिला. आपल्याकडे माईकशिवाय माणसाला मोक्ष मिळत नाही, तुला माहीतच आहे. आधी प्रवचन, मग श्रद्धांजल्या. सोसायटीचे चेअरमन बोलले, माजी सरपंच बोलले, आजी सरपंच बोलले आणि पुढच्या वेळी सरपंच होऊ बघणारे दोघेही बोलले. एकाने तुला छातीवर गोळ्या झेलणारा वाघ केलं. तुझ्या छातीच्या वाटेला गोळी कधी गेली नाही. तू झेललास तो ट्रकचा फाळका, आणि तोही पाठीत. पण तिथे कोण कुणाला दुरुस्त करणार? मग सूत्रसंचालक म्हणाला, "आता त्यांचे पलटणीतले जोडीदार, दौंडहून आलेले, दोन शब्द बोलतील."

मी उभा राहिलो. "सोपान चांगला माणूस होता. फार सोसलं त्याने," एवढं बोललो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं मला हुंदका आला. शेजारच्या एकाने पाठीवर हात फिरवला, पाण्याची बाटली पुढे केली. मी प्यायलोही. हुंदका वगैरे काही नव्हता रे. एक वाक्य पंचवीस वर्षं घशात अडकून बसलंय, त्याच्या बाजूने दुसरं वाक्य वर येईना, एवढंच.

पिंडाला कावळा लगेच शिवला. पान ठेवलं नाही तोच झडप. "काही इच्छा राहिली नाही माणसाची," असं बायका एकमेकींना म्हणाल्या. मला त्या कावळ्याचा राग आला. तुझ्या वतीने खोटं बोलायचा मान इतकी वर्षं माझा होता.

तुझी इच्छा मला तोंडपाठ आहे. माझ्याच अक्षरात ती कितीतरी अर्जांवर लिहिलेली आहे. पाठीच्या दुखापतीपुढे सरकारी कागदावर एक ओळ यावी, की ही दुखापत लष्करी सेवेत, ड्युटीवर असताना झाली. गावाला वाटायचं तू अपंगत्वाच्या पेन्शनीच्या मागे लागलाय. पेन्शन नको होती असं नाही, नको कशाला म्हणायची? पण न्हावऱ्याच्या स्टँडवर चहा पिताना तू मला एकदा म्हणालास, "बाबू, पैशाचं र्‍हाऊ दे. त्यांनी नुसतं लिहून दिलं ना, की ह्यो गडी तिथं पडला, खोटं बोलत न्हाई, तरी मी ते फ्रेम करून भिताडाला लावीन. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचू दे." तेव्हा मी तुला काय म्हणालो? म्हणालो, फ्रेमच्या काचेवर तुझ्या घरात कोंबड्या बसतील. तू हसलास. मी पण हसलो.

तर सोपाना, आता मी सांगतो. माईकवर सांगायचं होतं, जमलं नाही. निदान कागदावर तरी. कागद हे माझं क्षेत्र, असं तूच म्हणायचास.

आपली ओळख झाली तीच भांडणातून. मी युनिटच्या ऑफिसात क्लार्क म्हणून नवा आलो होतो. तू रजेचा अर्ज घेऊन आलास. त्यावर गाव कारेगाव, तालुका शिरूर. मी म्हणालो, "मी दौंडचा." तू मला खालून वर बघून म्हणालास, "म्हंजी कॅनॉलचं पानी प्यालेला. तरीच अंग असलं मऊ." मी तुझा रजेचा अर्ज दोन दिवस मागे ठेवला. तू स्टोअरमधून माझ्यासाठी आलेला नवा कोट अदलाबदल करून दोन साइज मोठा आणलास. मग रम पिऊन मिटलं. सगळ्या पलटणीत मला बाबूजी म्हणणारे खूप होते, नुसतं बाबू म्हणणारा तू एकटा. आता कुणीच म्हणणार नाही. घरी नातवंडं आबा म्हणतात आणि बाकीचे काका. नाव आपल्याकडून निघून जातं ते असं जातं, हे मला तुझ्या दहाव्यापर्यंत ठाऊक नव्हतं.

आणि तो दिवस. मी तो तुझ्या प्रत्येक अर्जात लिहिला, 'अर्जदार सामान उतरवत असताना बर्फावरून पाय घसरून पडला', पण अर्जात लिहिलेलं आणि पाहिलेलं यात फरक असतो. वरच्या पोस्टवर रेशनची गाडी आली होती. त्या गाडीतून डाक येते म्हणून मी तंबूतून बाहेर आलो होतो. तू फाळक्याच्या वर उभा राहून केरोसीनचे कॅन खाली देत होतास. मला बघून ओरडलास, "बाबू, तुझं पत्र हाय, बायकोचं! आधी कॅन घे, मग देतो." मी पुढे आलो नाही, हात खिशातून काढायचा कंटाळा आला. तू स्वतःच कॅन घेऊन खाली उतरायला गेलास आणि पाय सटकला. फाळक्याच्या लोखंडी कडेवर कंबर आदळली आणि मग तू खाली. आवाज मला आजही ऐकू येतो. तू उठून बसलास आणि पहिली गोष्ट काय केलीस, तर छातीच्या खिशातून माझं पत्र काढून दिलंस.

नर्सिंग असिस्टंटने गोळ्या दिल्या, मलम चोळलं. डॉक्टर साहेबांनी सात दिवस हलकं काम लिहून दिलं. इंज्युरी रिपोर्ट मी भरला. दोन प्रती. कंपनी कमांडर साहेबांनी सही केली आणि 'ऑन ड्युटी' या शब्दांपुढे टिक मारली. ती टिक मी पाहिली, तू पाहिलीस. झालं होतं सगळं. फक्त डाकेत टाकायचा राहिला होता.

त्या संध्याकाळी तू वाकत वाकत ऑफिसच्या तंबूत आलास. "बाबू, महिन्यानं हवालदारीचं कॅडर हाय. ह्यो कागद वर गेला तर मेडिकलला बोलावत्याल, कॅटेगरी पाडत्याल. शेप वन गेलं की प्रमोशन गेलं. जरा धर की. कॅडर झालं की पाठव." बाहेरच्या माणसाला हे सांगून कळणार नाही. कॅडर म्हणजे बढतीआधीचा परीक्षेचा कोर्स, आणि शेप वन म्हणजे अंगात एकही खोट नाही असा शेरा; त्या शेऱ्यासाठी आपल्यातले लोक ताप अंगावर काढायचे, मोडलेल्या बोटाने परेड करायचे. दुखणं लपवणं ही तिथे हुशारी होती. मीही किती जणांचं लपवलं असेल. मी म्हणालो, "ठेवतो. त्यात काय मोठं?"

तू कॅडर काढलंस. पाठीला पट्टा आवळून, गोळ्या खाऊन, दात खाऊन काढलंस. तिसरी फीत लागली तेव्हा जिलबी तूच वाटलीस. आणि मी तो फॉर्म विसरलो, सोपाना. अगदी साधा विसरलो. माझ्या ट्रंकेत रजिस्टरांच्या खाली तो पडून राहिला. सात-आठ महिन्यांनी पलटण खाली उतरायची वेळ आली. नवे हेड क्लार्क आले होते, सुभेदार साहेब, कडक माणूस. चार्ज देताना फॉर्म हाताला लागला. आता पाठवला तर पहिला प्रश्न, इतके महिने कुणाकडे होता? त्याच महिन्यात माझंही नाव प्रमोशनच्या यादीत होतं. तंबूत बुखारी पेटलेली होती. ती लोखंडी शेगडी तुला आठवत असेल, आपण तिच्यावर चपात्या शेकायचो. मी दोन्ही प्रती तिच्यात घातल्या.

त्याच आठवड्यात गाडीत बसताना तू विचारलंस, "बाबू, ते पाठवलंस का रं?" मी म्हणालो, "पाठवला."

हे ते वाक्य. एका शब्दाचं आहे. एवढंसं.

तुला माझा शब्द पुरला. तू पुढे विषयच काढला नाहीस. तुझी चोवीस वर्षं भरली तेव्हा रिलीज मेडिकलला डॉक्टरांनी विचारलं, "कोई तकलीफ?" आणि तू टाच आपटून म्हणालास, "नहीं साब, फिट." हे तू मला फोनवर फुशारकीने सांगितलंस. म्हणालास, डिस्चार्ज बुकवर शेप वन असलं की रांजणगावच्या कंपन्यांत सिक्युरिटीला लगेच घेतात, आणि पाठीचं काय, "कागद तर वर हायच की. लागलं तर काढू." मी म्हणालो, "हो, हो."

सिक्युरिटीत तू दोन वर्षं काढलीस. मग ती स्कूटर. कारेगाव फाट्यावर खडीवरून घसरलास. स्कूटरला ओरखडा नाही आणि तू मात्र उठेनास. एमआरआय काढणारे डॉक्टर म्हणाले, हे जुनं आहे, मणका कधीचाच दबलेला आहे. पण ते म्हणाले बंद खोलीत. गावाने पाहिला तो रस्ता. कॅन्टीनची बाटली घरी असते, मिलिटरीचा माणूस, संध्याकाळची वेळ. लोकांनी उरलेलं जुळवून टाकलं. त्या दिवशी तू थेंबही घेतला नव्हतास, हे मला माहीत आहे, कारण तू गुरुवार पाळायचास. लोकांना गुरुवार कुठे दिसतो?

ऑपरेशन झालं, काठी आली. आणि तू माझ्याकडे दौंडला आलास, बगलेत प्लास्टिकची पिशवी. "बाबू, आता तो कागद काढायची येळ आली."

तिथेच सांगायला हवं होतं. हातात चहाचा कप होता, बायको माहेरी गेली होती, घरात आपण दोघंच. याहून चांगली वेळ देवानेही दिली नसती. आणि मी काय केलं? चष्मा लावला, फुलस्केप घेतला आणि लिहिलं: 'विषय: इंज्युरी रिपोर्टची साक्षांकित प्रत मिळणेबाबत.' माझ्या हाताने जाळलेल्या कागदाची प्रत मी माझ्याच हाताने मागितली, आणि मसुदा उत्तम झाला. तू वाचून म्हणालास, "वकिलाच्या तोंडात मारलंस."

त्यानंतरची अकरा वर्षं कशी गेली ते तुला सांगायला नको. रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर: आढळून येत नाही. माहितीच्या अधिकारात विचारलं: उपलब्ध नाही. अपील केलं: पुन्हा शोध घेतला असता आढळून येत नाही. मी मनात धरून बसलो होतो की निदान तंबूतल्या दवाखान्याचं रजिस्टर कुठे तरी असेल, त्यात सात दिवस हलक्या कामाची नोंद असेल, तेवढ्यावर तुझं काम होईल आणि माझं झाकलेलं झाकलेलंच राहील. ते रजिस्टर मुदत संपल्यावर नियमाने नष्ट झालेलं. सही करणारे साहेब शोधून काढले. त्यांनी फार अदबीने कळवलं की इतक्या वर्षांनंतर आठवत नाही, अर्जदारास शुभेच्छा. त्या शुभेच्छांचीही तू झेरॉक्स काढून ठेवलीस.

दर पत्राला आपण न्हावऱ्याला भेटायचो, तुला कारेगावहून आणि मला दौंडहून चौफुल्यामार्गे मध्यावर पडतं म्हणून. तू एसटीत जागा असूनही दांडा धरून उभा यायचास, बसलं की कळ मारायची. कॉलेजची पोरं उठून म्हणायची, "बसा की आबा," आणि तू म्हणायचास, "मिलिटरीवाला हाय, उभाच बरा." उतरलास की घामाने भिजलेला. पिशवीतून पत्र काढून माझ्या हातात द्यायचास आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचास, कारण इंग्रजी तुला जमायचं नाही. तुझी थोरली शिकलेली, कंपनीत लागलेली, ती घरी वाचून दाखवायची. पण माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय तुझा विश्वास बसायचा नाही. मी वाचायचो: सेवाकाळात कोणतीही दुखापत झाल्याची नोंद नाही. तू विचारायचास, "नोंद न्हाई, का दुखापत न्हाई?" मी म्हणायचो, त्यांच्या भाषेत दोन्ही एकच. मग तू चिडायचास. एकदा कप आपटलास. "मी बर्फात पडलो, बाबू. तू व्हतास तिथं. ह्यांच्या आयला, कागुद पडला का मी पडलो?" चहावाला बघायला लागला. आपलं ते भांडण तसंच राहिलं, मी तुला शांत करून दुसरा चहा सांगितला.

तुला कधी माझा संशय आला नाही का रे? मी कितीदा वाट पाहिली. तुझ्या जागी मी असतो तर पहिल्याच पत्राला विचारलं असतं, "बाबू, खरं सांग, पाठवला होतास ना?" तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. असं मी स्वतःला सांगत आलो. तू विचारलं नाहीस. उलट येताना दर खेपेला काहीतरी आणायचास. मेथीची जुडी, शेतातली बाजरी, एकदा तर वहिनींनी केलेली शेंगदाण्याची चटणी. मी घरी नेली, खाल्ली, चांगली झाली होती.

दोन वर्षांपूर्वी आपण मेडिकल बोर्डाला गेलो. तिथला डॉक्टर तरणा होता, भला वाटला. त्याने तुला खुर्ची दिली, तू उभा राहिलास, मग तोही उभा राहिला. एमआरआय बघून म्हणाला, "दादा, मला पटतंय. पण मला पटून काय होतं? काहीतरी लेखी पाहिजे. पडताना पाहणारं कुणी आहे?" तू माझ्याकडे बोट दाखवलंस, असं दाखवलंस की मला तिथे उभं राहवेना. "ह्यो काय. बाबू. ह्यानं बघितलंय, ह्यानंच फॉर्म भरला." डॉक्टर म्हणाला, "मग यांचं प्रतिज्ञापत्र आणा. काय पाहिलं, फॉर्म कधी भरला, कुठे पाठवला. सविस्तर लिहा. मी वर शिफारस करतो." बाहेर पडून तू मला मिठी मारलीस. तुझ्या पट्ट्याची बक्कल माझ्या पोटाला रुतली.

कुठे पाठवला. त्या दोन शब्दांवर माझं गाडं अडलं. खोटं लिहावं तर शपथेवर, आणि जावक नोंद मागितली तर उघडा पडणार. खरं लिहावं तर सरकारी कागद जाळला म्हणून माझी चौकशी लागणार, माझी पेन्शन लोंबकळणार. हे मी रात्रंदिवस घोळवलं आणि शेपूट घातलं, सोपाना, दुसरा शब्द नाही. आधी मोतीबिंदूचं कारण सांगितलं. मग धाकटीचं लग्न. मग स्टॅम्प पेपर मिळत नाही. तू म्हणायचास, "सावकाश लिही. तुझ्यासारखं दुसऱ्याला जमणार न्हाई." तुला टाळायला मी न्हावऱ्याला यायचंही कमी केलं.

आणि तू गोळ्या खात राहिलास. पंचवीस वर्षं मूठमूठ गोळ्या, त्यांनी तुझी किडनी खाल्ली. मशीनवर रक्त धुवायला लागले तेव्हा मी भेटायला आलो. तू वाळून गेला होतास. मी आलोय म्हटल्यावर नर्सला सांगितलंस, "हे आमचे बाबूजी. ह्यांच्या अक्षराला साहेब लोक वचकायचे." मग मला हळूच म्हणालास, "ते प्रतिज्ञापत्राचं राहू दे आता. तुझे डोळे बरे झाले की बघू." माझे डोळे कधीच बरे झाले होते. मी मान हलवली. खाली येऊन रसवंतीच्या बाकावर बसलो आणि रस न पिता उठलो. चार दिवसांनी फोन आला.

तुला हे वाचता येणार नाही आणि तू ऐकतोयस अशी माझी समजूतही नाही. गेलेल्या माणसाला सांगणं सोपं असतं, म्हणून तर सांगतोय. पण एवढ्यावर थांबलो नाही, तेवढं तरी माझ्या नावावर लिहून घे.

दशक्रियेच्या दुसऱ्या दिवशी मी शिरूरला कचेरीबाहेर टायपिस्टकडे बसलो. पहिल्यांदाच मसुदा न करता तोंडी सांगत गेलो. बर्फ, फाळका, केरोसीनचा कॅन, माझ्या बायकोचं पत्र, साहेबांची सही, टिक, कॅडर, ट्रंक, बुखारी. टायपिस्ट मध्येच थांबला. "काका, हे जाळलं म्हणून लिहायचं का खरंच?" मी म्हणालो, "लिही." नोटरीचा शिक्का झाला. ते घेऊन मी पुण्याला, तुझी फाईल होती त्या ऑफिसात गेलो. तिथल्या कारकुनाने वाचलं, पुन्हा वाचलं, दार लोटून घेतलं. "अर्जदार वारले, प्रकरण बंद झालं. वारसांनी नव्याने करायचं म्हटलं तर वर्षं जातील, आणि निघेल असं मी सांगत नाही. आणि हे मी आत घेतलं तर आधी तुमच्याविरुद्ध पाठवावं लागेल." मी म्हणालो, "पाठवा." त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्याच वयाला टेकलेला, माझ्यासारखाच चष्मा. कागद माझ्या पिशवीत परत घातला आणि म्हणाला, "घरी जा काका. आता कशाला?" मला शिक्षा द्यायलासुद्धा कुणी तयार नाही रे.

मग राहिलं होतं तुझं घर. काल गेलो. कांतावहिनी ओट्यावर गहू निवडत होत्या. थोरली कामावर गेलेली. मी म्हणालो, वहिनी, हे वाचून दाखवायचंय, मध्ये बोलू नका. आणि वाचलं. जाळल्याचं वाचताना आवाज गेला, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून तो परिच्छेद वाचला. वाटलं, आता शिव्या देतील, सूप फेकून मारतील, निदान उठून आत जातील. मी चपला काढल्या नव्हत्या, उंबऱ्याबाहेरच उभा होतो.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. फॉर्मचं काही विचारलं नाही. पेन्शनीचं नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भावजी, म्हंजी ते खरंच तिथं पडलं व्हतं?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हणालो, "व्हय वहिनी. माझ्या डोळ्यांदेखत."

"बर्फात?"

"बर्फात."

मग त्या जमिनीकडे बघत बोलायला लागल्या, मला सांगत होत्या की तुला, ते समजत नव्हतं. "दर पत्रात सरकार लिवतंय, काय बी झालं न्हाई म्हणून. पोरगी वाचून दाखवायची. एवढं मोठं सरकार खोटं कशाला लिवंल? मी म्हणायचे त्यांला, पिऊन पडलात फाट्यावर आन् मिलिटरीच्या नावानं बिल फाडताय. अकरा वर्सं म्हणले. कळ आली, हाक मारली, की मी म्हणायचे, बोलवा तुमच्या मिलिटरीला चोळायला. दवाखान्यात बी म्हणले एकदा."

मी विचारलं, "तो काय म्हणायचा?"

"ते कुठं काय म्हणत्यात? म्हणायचे, माझं ऐकू नको, बाबूला इचार." पदराने त्यांनी तोंड पुसलं. "आन् मी इचारलं व्हतं की तुमाला. तुमी घरी आला व्हता, ते आत झोपलं व्हतं, मी चुलीपुढं व्हते. म्हणलं भावजी, हे खरं बोलत्यात का? तुमी म्हणला, कागद आला की कळंल."

मला हे आठवत नाही, सोपाना. कालपासून आठवून बघतोय. पण मी तसंच म्हणालो असणार.